स्लीप ॲप्नियाच्या मशीनचं दीर्घकालीन प्रिस्क्रिप्शन: काय लिहून घ्यायचं, कसं जपायचं

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराचं, निदान झालं की बऱ्याच जणांच्या हाती एका ओळीची चिठ्ठी पडते: "सीपॅप, १० सेंमी." सीपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, आणि १० सेंमी हा त्या हवेचा दाब. त्या चिठ्ठीवर मशीन मिळतं, चिठ्ठी विक्रेत्याच्या फाईलमध्ये जाते आणि विषय संपल्यासारखा वाटतो. पुढे मास्कचं कुशन फाटतं, डॉक्टर बदलतात, विमा कंपनी कागद मागते किंवा मशीन बंद पडतं. मग त्या एका ओळीत किती गोष्टी नव्हत्या ते लक्षात येतं. ही सगळी धावपळ पहिल्याच दिवशी टाळता येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. उपचाराची गरज बहुतेकांना आयुष्यभर असते, दाबाचे आकडे मात्र त्या-त्या वेळचे असतात. चांगल्या प्रिस्क्रिप्शनमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. त्यामुळे आकडा बदलला तरी गरज नव्याने सिद्ध करत बसावं लागत नाही, आणि गरज आजीवन आहे म्हणून जुना आकडा वर्षानुवर्षं तसाच चालू राहत नाही.

पायरी १: स्लीप स्टडीचा पूर्ण रिपोर्ट ताब्यात घ्या

फक्त शेवटचा निष्कर्ष नको, सगळी पानं घ्या. पुढची प्रत्येक चिठ्ठी याच कागदावर उभी राहते. मूळ रिपोर्ट हरवला तर कधी कधी पूर्ण तपासणी पुन्हा करावी लागते.

रिपोर्टमध्ये आधी एएचआय शोधा. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला, त्याचा हा आकडा. श्वास किमान १० सेकंद बंद किंवा कमी झाला तरच ती घटना मोजली जाते. प्रौढांमध्ये ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. त्यानंतर ऑक्सिजनची सर्वांत खालची पातळी पाहा, आणि अवरोधक घटना किती व सेंट्रल किती हेही पाहा. अवरोधक म्हणजे घसा मिटल्यामुळे अडलेला श्वास. सेंट्रल म्हणजे श्वास घेण्याचा मेंदूचा आदेशच न आल्यामुळे थांबलेला श्वास. मशीनचा प्रकार या विभागणीवर ठरतो.

दोन रिपोर्टमधले आकडे जुळले नाहीत तर लगेच घाबरू नका. श्वास मंदावल्याची घटना धरताना काही ठिकाणी ऑक्सिजन ३ टक्के घसरला की मोजतात, काही ठिकाणी ४ टक्के लागतात. शिवाय घरी केलेल्या तपासणीत अनेकदा मेंदूच्या लहरी नोंदवल्या जात नाहीत. त्यामुळे घटनांना झोपेच्या तासांऐवजी नोंदीच्या एकूण तासांनी भागतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. कोणता निकष वापरला ते रिपोर्टवर लिहिलेलं असतं. त्यावर खूण करून ठेवा.

तपासणीच्या दिवशीचं वजन रिपोर्टवर नसेल तर स्वतः तारखेसह लिहून ठेवा. त्याचा उपयोग पुढे येईल.

पायरी २: मशीनचा प्रकार स्पष्ट लिहून घ्या

सीपॅप रात्रभर एकच दाब देतं. ऑटो सीपॅप ठरलेल्या मर्यादेत दाब स्वतः कमी-जास्त करतं. बायलेव्हल, ज्याला सर्रास बायपॅप म्हणतात, श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतं. म्हणून त्याच्या चिठ्ठीत दोन आकडे हवेतच. "बायपॅप, १२" असं लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठी अपुरी आहे. विक्रेत्याने दुसरा आकडा अंदाजाने भरू नये, चिठ्ठी डॉक्टरांकडूनच पूर्ण करून आणा.

चौथा प्रकार एएसव्ही. सेंट्रल किंवा मिश्र ॲप्नियात ते वापरतात. श्वासागणिक आधार बदलणारं हे मशीन आहे. इथे एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. २०१५ साली जाहीर झालेल्या सर्व्ह-एचएफ या अभ्यासात, हृदयाचं इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि प्रामुख्याने सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांमध्ये एएसव्हीमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले. त्यामुळे कुणाचं तरी जुनं मशीन मिळालं म्हणून ते लावून झोपू नका. बाहेरून ही सगळी मशीनं सारखीच दिसतात.

पायरी ३: दाब आणि बाकीच्या सेटिंग

दाब सेंटिमीटर पाणी या एककात लिहितात. साध्या आणि ऑटो सीपॅपमध्ये तो साधारण ४ ते २० च्या दरम्यान ठेवता येतो. बायलेव्हलमध्ये मॉडेलनुसार २५ किंवा ३० पर्यंत जातो. काही मशीनवर हेक्टापास्कल दिसतं. १ सेंमी पाणी म्हणजे जवळपास ०.९८ हेक्टापास्कल, म्हणजे व्यवहारात दोन्ही आकडे सारखेच धरले तरी चालतं.

ऑटो सीपॅपच्या चिठ्ठीवर "४ ते २०" दिसलं तर नीट विचारा. ही मशीनची पूर्ण मर्यादा आहे, तुमच्यासाठी काढलेला आकडा नाही. ४ वर अनेक प्रौढांना हवा पुरत नाही, गुदमरल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच आठवड्यात मास्क कपाटात जातो. दुसरी अडचण अशी, की घसा मिटायला लागला की मशीन दाब हळूहळू चढवतं. तळ फार खाली असेल तर योग्य दाब गाठेपर्यंत घटना होऊन जातात. वरचं टोक मोकळं असेल तर दाब एकदम चढून मास्कमधून हवा सुटते आणि जाग येते. रुंद मर्यादा सुरुवातीला काही दिवस ठेवायला हरकत नाही, पण एक-दोन आठवड्यांनी मशीनमधला ९५ टक्क्यांचा दाब पाहून मर्यादा आवळून घ्यायला हवी. रात्रीचा ९५ टक्के वेळ दाब या आकड्याइतका किंवा त्याखाली होता, असा त्याचा अर्थ.

बाकीच्या सेटिंग: श्वास सोडताना मिळणारी सूट, जिला एका कंपनीच्या मशीनवर ईपीआर म्हणतात आणि ती १ ते ३ पर्यंत असते, झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवणारा रॅम्प, आणि हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर. रॅम्प आणि ओलावा "रुग्णाच्या सोयीनुसार" असं लिहून घ्या. श्वास सोडतानाची सूट मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण ती वाढवली की प्रत्यक्ष मिळणारा दाब कमी होतो आणि काहींमध्ये घटना पुन्हा वाढतात.

सोबत ऑक्सिजनही लागत असेल तर त्याची चिठ्ठी वेगळी हवी: मिनिटाला किती लिटर, आणि तो कुठे जोडायचा. आधी मशीन सुरू करायचं, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. क्रम उलटला तर बंद मशीनमध्ये ऑक्सिजन साठून आगीचा धोका होतो.

पायरी ४: मास्कची ओळ

प्रिस्क्रिप्शनमधली सगळ्यांत दुर्लक्षित ओळ हीच. अमुक कंपनीचा, अमुक मॉडेलचा, मध्यम आकाराचा मास्क असं लिहिलं आणि तो चेहऱ्याला बसला नाही, तर बदलायला पुन्हा चिठ्ठी लागते. मास्क हा एका फटक्यात जमणारा प्रकार नाही. नाकावरचा, नाकपुड्यांत टेकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे तीन मुख्य प्रकार असतात, आणि प्रत्येकाची ठेवण वेगळी असते. म्हणून लिहून घ्यायचे शब्द असे: "मास्क: रुग्णाला नीट बसेल तो, कोणताही प्रकार, कोणतीही कंपनी, बदलण्याची मुभा." एका विशिष्ट मास्कवरच सगळं सुरळीत चाललं असेल तर उलट करा: त्याचं नाव लिहून "याच्या जागी दुसरा देऊ नये" असं घ्या.

मुभा असली तरी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. नाकावरच्या मास्कवरून नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कवर गेलात तर तोच दाब पुरेलच असं नाही. तोंडावरचा मास्क जबडा आणि जीभ मागे ढकलू शकतो, आणि काहींना जास्त दाब लागतो. असा बदल केल्यावर दोन आठवडे मशीनचे आकडे पाहा.

आता चुंबक. अनेक मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिप असतात, कारण त्या अंधारातही पटकन लागतात. पेसमेकर, शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर, मेंदूतल्या रक्तवाहिनीची धातूची क्लिप, मेंदूतल्या पाण्यासाठीचा शंट असं काही तुमच्या शरीरात असेल तर हे चुंबक त्यात बिघाड करू शकतात. मोठ्या मास्क कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत तशा सूचना काढल्या आहेत, आणि त्यात किमान १५ सेंमी अंतर राखायला सांगितलं आहे. शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या शरीरात असं उपकरण असेल तरी हाच नियम. प्रिस्क्रिप्शनवर "चुंबकविरहित मास्क" असं स्पष्ट लिहून घ्या. दुकानात मास्क देणाऱ्याला तुमचा इतिहास ठाऊक नसतो.

पायरी ५: पुन्हा पुन्हा लागणारं साहित्य

मशीनची चिठ्ठी आहे म्हणून फिल्टर मिळतीलच असं गृहीत धरू नका. अनेक ठिकाणी साहित्याची वेगळी नोंद लागते. एकाच कागदावर दोन्ही आणा आणि प्रत्येक वस्तू नावाने लिहून घ्या: मास्कचा सांगाडा, कुशन, डोक्याचे पट्टे, हनुवटीचा पट्टा लागत असेल तर तो, नळी, फिल्टर, पाण्याची टाकी.

किती दिवसांनी किती, याचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचं वेळापत्रक सोबत ठेवायला बरं आहे: मास्क आणि नळी ३ महिन्यांनी एक, नाकावरच्या मास्कची कुशन महिन्याला २, नाक-तोंडाच्या मास्कचं कुशन महिन्याला १, डोक्याचे पट्टे आणि पाण्याची टाकी ६ महिन्यांनी, वापरून टाकायचे फिल्टर महिन्याला २, धुऊन वापरायचा फिल्टर ६ महिन्यांनी १, आणि मशीन ५ वर्षांनी. ही खर्च मिळण्याची कमाल मर्यादा आहे. प्रत्येक वस्तू त्या तारखेला फेकलीच पाहिजे असं नाही. नीट धुतलेलं कुशन यापेक्षा बरंच जास्त टिकू शकतं.

बदलायची वेळ वस्तूच सांगते. कुशन धुतल्यावरही चिकट किंवा धुरकट राहिलं, किंवा दर आठवड्याला पट्टा थोडा जास्त आवळावा लागला, की कुशन तरी संपलंय किंवा पट्ट्याचा ताण गेलाय. आणखी आवळणं हा उपाय नाही. कुशनची पातळ आतली कड हवेने फुगून चेहऱ्याला टेकते, तेव्हाच गळती थांबते. पट्टा करकचून आवळला की ती कड चेपते, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते.

नळीबाबत लक्षात ठेवा: साध्या नळ्यांची टोकं बहुधा २२ मिमीची असतात आणि एकीच्या जागी दुसरी चालते. तापणारी नळी आणि पाण्याची टाकी मात्र मॉडेलनुसारच लागते. चिठ्ठीवर मशीनचं मॉडेल नसेल तर चुकीची वस्तू घरी येते. १५ मिमीची बारीक नळी लावली तर मशीनच्या मेनूमध्ये नळीचा प्रकारही बदला, नाहीतर मास्कपाशी पोचणारा दाब बरोबर राहत नाही.

तयार प्रिस्क्रिप्शन कसं दिसावं

खालचे आकडे फक्त नमुन्यापुरते. तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरांचे.

*नाव, जन्मतारीख, चिठ्ठीची तारीख.*
*निदान: अवरोधक स्लीप ॲप्निया, मध्यम. एएचआय २६. तपासणीची तारीख.*
*उपकरण: ऑटो सीपॅप, ह्युमिडिफायर आणि तापणाऱ्या नळीसह.*
*दाब: किमान ७, कमाल १२ सेंमी पाणी. श्वास सोडताना सूट: २. रॅम्प आणि ओलावा: रुग्णाच्या सोयीनुसार.*
*मास्क: रुग्णाला बसेल तो, बदलण्याची मुभा. चुंबकविरहित.*
*साहित्य: कुशन, पट्टे, नळी, फिल्टर, पाण्याची टाकी, गरजेनुसार पुन्हा द्यावं.*
*गरजेचा कालावधी: आजीवन.*
*डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का.*

"गरजेचा कालावधी" ही ओळ रिकामी राहिली तर वाचणारा आपल्या मनाने एक वर्ष धरतो, किंवा कागदच परत पाठवतो. अमेरिकेच्या अशा फॉर्ममध्ये महिन्यांच्या रकान्यात ९९ लिहिलं की त्याचा अर्थ आजीवन असा घेतला जातो. ९९ दिसला म्हणून आठ वर्षांचीच मुदत आहे असं समजू नका. चिठ्ठी किती काळ ग्राह्य धरायची याचे नियम देशागणिक आणि विमा कंपनीगणिक वेगळे असतात. "आजीवन" लिहिलेलं असूनही कुणी दरवर्षी नवी सही मागू शकतं. तो नियम आधीच विचारा आणि मुदत संपण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांची वेळ घ्या.

कागद परत येण्याची कारणं साधी असतात: नावाचं स्पेलिंग ओळखपत्राशी जुळत नाही, तारीख नाही, चिठ्ठीची तारीख तपासणीच्या आधीची आहे, एएचआय लिहिलेला नाही. दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी उभ्या उभ्या हे चार मुद्दे तपासा.

पायरी ६: मशीन हातात आल्यावर

मशीन सुरू करून दाखवायला सांगा आणि डॉक्टरांसाठीच्या मेनूमधले आकडे चिठ्ठीशी ताडून पाहा. नवीन मशीन कारखान्यातून येतं तेच ४ ते २० वर घरी पोचणं ही नेहमीची चूक आहे. मास्कचा प्रकारही मेनूमध्ये बरोबर निवडलेला हवा, कारण गळतीचा हिशेब त्यावर चालतो. मास्क आडवं होऊन, दाब सुरू ठेवून लावून बघा. बसल्यावर चेहरा वेगळा असतो, झोपल्यावर गाल सरकतात.

अनुक्रमांक, मॉडेल आणि खरेदीची तारीख लिहून घ्या, आणि कंपनीकडे मशीनची नोंदणी करा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणारा फोम झिजत असल्यामुळे जगभरातून लाखो मशीनं परत मागवली. नोंदणी केलेल्यांना कळवणं सोपं होतं. त्याच वेळी ओझोनने साफ करणारी यंत्रं वापरू नयेत असंही सांगण्यात आलं, कारण ओझोनने तो फोम आणखी झिजतो. साफसफाईला सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरतं. सुकवा सावलीत, आणि टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला.

पायरी ७: पहिले तीन महिने

प्रिस्क्रिप्शन पुढे चालू राहावं म्हणून वापराचा पुरावा लागतो. मेडिकेअरमध्ये पहिल्या ९० दिवसांत सलग ३० दिवस असे हवेत, की त्यातल्या ७० टक्के रात्री मशीन किमान ४ तास चाललं. इतरही अनेक जण हाच दंडक वापरतात. कुणी मागो वा न मागो, दर महिन्याचा अहवाल काढून ठेवा. लक्षात घ्या, ४ तास ही कागदापुरती किमान मर्यादा आहे. पहाटे मास्क काढून झोपलात तर नेमकी स्वप्नांची झोप उपचाराविना जाते, आणि अनेकांचा ॲप्निया तेव्हाच सर्वाधिक असतो.

अहवालात तीन गोष्टी पाहा: तास, उरलेला एएचआय (मशीन लावूनही होणाऱ्या घटनांचा) आणि गळती. उरलेला एएचआय ५ च्या खाली हवा. गळतीचे आकडे कंपनीनुसार वेगळे मोजतात. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गेलं की जास्त समजतात. दुसऱ्या काही मशीनवर मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवाही त्यात धरलेली असते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. उरलेल्या घटनांत सेंट्रल जास्त दिसल्या तर डॉक्टरांना कळवा. उपचार सुरू झाल्यावर काहींमध्ये त्या उगवतात आणि बऱ्याच जणांच्या काही आठवड्यांत ते महिन्यांत निवळतात. तेवढ्यात स्वतःच दाब वाढवत गेलात तर त्या वाढतात.

नवी चिठ्ठी कधी लागते

वजन सुमारे १० टक्क्यांनी कमी-जास्त झालं, उरलेला एएचआय सतत ५ च्या वर राहू लागला, दिवसा पुन्हा झोप यायला लागली, नाकाची किंवा जबड्याची शस्त्रक्रिया झाली, हृदयाचा आजार किंवा पक्षाघात झाला, किंवा रोजच्या औषधांत अफूजन्य वेदनाशामकांची भर पडली, तर दाब आणि कधी मशीनचा प्रकारही नव्याने ठरवावा लागतो. वजन उतरल्यावर आता मशीन नको असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तो निर्णय नव्या तपासणीवर घ्या. घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया गेला असं होत नाही.

तेच मॉडेल बदलून घेताना, दुसऱ्या आकाराचं कुशन घेताना किंवा ओलावा वाढवताना मात्र नव्या चिठ्ठीची गरज पडू नये. पडत असेल तर मूळ चिठ्ठीतली मुभेची ओळ राहून गेली आहे.

प्रवास आणि रुग्णालय

प्रिस्क्रिप्शनची एक प्रत मशीनच्या पिशवीत, एक फोनमध्ये, एक घरी. मशीन सामानात टाकू नका, हातात ठेवा, आणि टाकी रिकामी करून वेगळी काढा, नाहीतर पाणी मशीनमध्ये शिरतं. बहुतेक मशीनचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त प्लगची पिन बदलावी लागते. लिथियम बॅटरी नेणार असाल तर तिच्यावरचे वॉट-तास वाचा: १०० पर्यंत साधारणपणे चालतं, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. सुटी बॅटरी हातातल्या सामानातच ठेवायची असते.

कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला ॲप्नियाबद्दल सांगा आणि मशीन मास्कसकट बरोबर न्या. भुलीचा आणि वेदनाशामकांचा अंमल असताना घसा जास्त सहज मिटतो, आणि रुग्णालयाकडे तुमच्या मापाचा मास्क असेलच असं नाही. पिशवीतल्या प्रतीवर मास्कचं मॉडेल आणि आकार हाताने लिहून ठेवा. ही पिशवी कुठे आहे आणि मशीन कोणत्या बटणाने सुरू होतं, हे घरातल्या एका माणसाला तरी ठाऊक असू द्या.